गोटूची रेघ

टीव्ही लावायच्या आधी काकू केस विंचरायच्या. नुसता हात फिरवून नव्हे. ओसरीतल्या आरशापुढे उभं राहून, भांग काढून, अंबाडा घट्ट बांधून. मग गाऊन बदलून पातळ नेसायच्या, पदर सारखा करायच्या आणि रिमोट हातात घ्यायच्या. मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आले, त्या पहिल्या आठवड्यात मला वाटलं, कुणी पाहुणे यायचे असतील. पाहुणे आले नाहीत. काकू टीव्हीपुढच्या खुर्चीत ताठ बसल्या, पडदा उजळला, आणि त्या पडद्याला म्हणाल्या, "हं."

मी तेव्हा देऊळगाव राजात एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला लागले होते. ओल्या कागदावर बी पसरायचं आणि किती उगवतं ते बघायचं, असं माझं काम. मूळची मी नाशिककडची. काकू धामणगाव बढ्याच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. मुलगा लहान असतानाच नवरा वारला. त्यांनी एकटीनं त्याला वाढवलं. गावातली माणसं जालन्याच्या वळणाचं बोलायची, पण काकूंचं मले-तुले कधी सुटलं नाही.

"तुले वाटत असंल, म्हातारी याड्यावानी टीव्हीसाठी नटते," एकदा त्या मला म्हणाल्या. "पण आपल्याले जो पाहून राह्यला, त्याच्यापुढे कसंबी बसू नये."

"त्याला कॅमेरा कुठे आहे, काकू?"

"कॅमेऱ्यानंच पाह्यते का माणूस?"

मग त्यांनी मला शिकवायला घेतलं. पन्नाशीची बाई असो की पाचवीतलं पोर, काकूंचा शिकवायचा सूर एकच. जुना टीव्ही म्हणे नुसता बोलायचा. छपरावर अँटेना, वरून चित्र यायचं, खाली आपण पाहायचो. त्याला शिव्या द्या की ओवाळा, वर पत्ता लागत नसे. आताच्या टीव्हीला इंटरनेटची तार आहे, आणि त्या तारेतून येणंही आहे, जाणंही आहे. आपण बटण दाबलं की ते दाबणं खोलीत राहत नाही. कंपनीच्या मशीनकडे जातं. "तू काय लावलं, किती पाह्यलं, कुठं कंटाळून उठली, कुठं मागं नेऊन परत पाह्यलं, सारं तिथं ध्यानात राह्यते. त्यावरून ते ठरवते, उद्या तुह्यापुढं काय मांडायचं. म्हणून माह्या पडद्यावर जे दिसते ते शेजारणीच्या पडद्यावर दिसत नाही."

हेच त्यांनी एकदा भजनाला जमलेल्या बायकांना सांगितलं. शेजारच्या सुलभाबाई त्या दिवशी घरी गेल्या आणि त्यांनी आपल्या टीव्हीवर टॉवेल टाकला. नवऱ्यानं बातम्या बघायला काढला की पुन्हा टाकायच्या. "काय सांगावं बाई," त्या मला म्हणाल्या, "लई अवघडल्यासारखं होतं. आपण आपल्या घरात लोळावं, अन् कुठं तरी कोणी लिहून घ्यावं?"

काकू रिमोटमध्ये बोलायच्याही. त्याला बोलून सांगितलं की हवं ते शोधून द्यायचा. पण "मले जुना सिनेमा पायचा आहे" म्हटलं की तो भलतंच काही काढायचा. मग काकू घसा साफ करून वर्गातल्या मराठीत म्हणायच्या, "मला जुना चित्रपट पाहायचा आहे." लगेच यायचा. "तपासणीले आलेल्या साहेबासारखं आहे हे," त्या म्हणायच्या. "ऐकते सारं, पण पुण्याचं बोलल्याबिगर समजत नाही."

इतपत सगळं मजेचं होतं. मी फोनवर आईला काकूंच्या गमती सांगायचे.

मग एका रविवारी दुपारी मी त्यांची डाळीची वाटी परत द्यायला खाली गेले. दार उघडं होतं. काकू खुर्चीत बसल्या होत्या, अंबाडा, पातळ, सगळं जागच्या जागी. टीव्ही चालू होता, पण आवाज नव्हता आणि सिनेमाही लागलेला नव्हता. सुरुवातीचं पान नुसतं उघडं होतं, सिनेमांच्या चित्रांच्या रांगाच रांगा. वरच्या कोपऱ्यात एक हसरा कार्टूनचा चेहरा आणि नाव: गोटू.

"ये," काकू मान न वळवता म्हणाल्या. "हे पाय."

पहिल्या रांगेतल्या प्रत्येक चित्राखाली बारीक लाल रेघ होती. सिनेमा जेवढा पाहून झाला असेल तेवढी रेघ. काकूंनी रिमोटनंच एका चित्राकडे बोट केल्यासारखं केलं. "काल ही इथपर्यंत होती. अर्ध्यात." आता ती रेघ जवळजवळ टोकाला टेकली होती.

"मग राहिलेला तुम्ही आज पाहिला असेल."

"मी टीव्ही आत्ताच लावला."

त्या घरात काकूंशिवाय कुणी नव्हतं. मी दाराकडे पाहिलं, आतल्या खोलीकडे पाहिलं. पंखा बंद होता. गल्लीतून कसलाही आवाज येत नव्हता. पडद्यावरचा तो हसरा चेहरा तसाच आमच्याकडे बघत होता. आणि काकू अगदी समाधानानं, एखाद्याचं ताट रिकामं झालेलं बघून म्हणावं तसं म्हणाल्या, "पाह्यला त्यानं सारा."

गोटू म्हणजे कोण, ते मला सुलभाबाईंकडून कळलं. काकूंचा एकुलता एक मुलगा. वापीला कारखान्यात नोकरी लागल्यावर त्यानं हा टीव्ही आईला आणून दिला होता, इंटरनेटही स्वतः जोडून दिलं होतं. मग लग्नावरून मायलेकात बिनसलं. तो बायकोला घेऊन दारात आला होता, पण दारातूनच परत गेला. फोन नंबर बदलला. कित्येक वर्षांत चिठ्ठी नाही की निरोप नाही. "तवापासून हिचं असं झालं," सुलभाबाई कपाळाजवळ बोट फिरवत म्हणाल्या.

पण काकूंना काही झालेलं नव्हतं. मी जिन्यात बसून विचार केला तेव्हा माझ्या लक्षात आलं. टीव्हीवरचं खातं गोटूच्या नावाचं होतं. तेच खातं तो वापीला आपल्या फोनवर, आपल्या टीव्हीवर वापरत असणार. तिकडे त्यानं सिनेमा पाहिला की कंपनीच्या मशीनला कळतं, आणि ती जिथे जिथे ते खातं उघडलेलं आहे तिथे तिथे रेघ पुढे सरकवते.

मी धावत खाली जाऊन हे काकूंना सांगितलं. त्या हसल्या. "मी विज्ञान शिकवलं, बाई. मले हे माहीत नसंल का?"

"मग कंपनीला विचारून त्याचा नवीन नंबर—"

"नको." त्यांचा आवाज एकदम कडक झाला. "दार वाजवलं की माणूस आतून कडी लावते. हे दार त्यानं मुद्दाम उघडं ठेवलं का विसरून राह्यलं, मले माहीत नाही. तू हात लावू नको."

त्यानंतर मी पाहत गेले. काकू एखादा जुना विनोदी सिनेमा लावायच्या, थोडा चालवायच्या आणि मध्येच बंद करून उठायच्या. एक-दोन दिवसांत त्याची रेघ पुढे गेलेली असायची. कधी तिकडून काही तरी सुरू व्हायचं. एकदा रांगेत अचानक कचोरी कशी करायची याचा कार्यक्रम आला. काकूंनी त्याच दिवशी मूग भिजत घातले. "भूक लागली आज त्याले," म्हणाल्या, आणि गरम कचोऱ्या माझ्याकडे पाठवल्या. दोघांतलं कुणीच एक शब्द बोलत नव्हतं, आणि तरी रोज बोलणं चालू होतं. मला ते बघवत नसे आणि बघितल्याशिवाय राहवत नसे. कामावरून आले की चप्पल काढायच्या आत मी त्यांच्या दारातून पडद्यावर नजर टाकायचे.

एका पावसाळ्यात रेघा थांबल्या. पहिले काही दिवस काकू म्हणाल्या, कामाचा लोड असेल. मग बोलेनाशा झाल्या. केस न विंचरता बसायला लागल्या. मी भाजी नेऊन दिली तर ती संध्याकाळी तशीच झाकलेली दिसायची. एक अर्धवट राहिलेला सिनेमा रांगेत पहिल्या जागी होता आणि रोज पहिल्याच जागी राहत होता.

आणि एक दिवस तो पुढे गेला. काकूंनी मला जिन्यातून हाक मारली. डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. "आला बापा," एवढंच म्हणाल्या. पुन्हा अंबाडा, पुन्हा पातळ, पुन्हा सगळं सुरू झालं. उलट आता रेघा अगदी नेमानं सरकायच्या, एक दिवस चुकत नसे.

असं वर्षभर चाललं. मग एक दिवस पान उघडलंच नाही. पडदा काळा, आणि मधोमध मजकूर. मी वाचून दाखवला: हा टीव्ही या खात्याच्या घरातला दिसत नाही. हे खातं एकाच घरात राहणाऱ्या लोकांसाठी आहे. पुढे बघायचं असेल तर खातेदाराच्या फोनवर पाठवलेला कोड इथे टाका.

"म्हंजे?" काकू म्हणाल्या.

मी समजावलं. कोणता टीव्ही कोणत्या घरच्या इंटरनेटवर चालतो, ते कंपनीला दिसतं. गोटू जास्त वापीला बघतो, म्हणून त्यांनी वापीचं घर हेच घर धरलं. इथला टीव्ही परका ठरला.

काकूंनी ती अक्षरं स्वतः पुन्हा वाचली. "मी त्याच्या घरातली नाही, असं म्हणते हा."

"मशीन आहे, काकू. तिला काय कळतं."

"बरोबर म्हणते," त्या म्हणाल्या.

खाली एकच बटण होतं, 'कोड पाठवा'. इतकी वर्षं ज्या बाईनं दार वाजवायचं नाही म्हणून पाळलं होतं, तिनं ते बटण दाबलं. कोड वापीला, गोटूच्या फोनवर गेला असणार. पडद्यावर आकडे टाकायच्या रिकाम्या चौकटी उघडल्या. त्या भरायच्या कशानं? कोड सांगायला समोरच्यानं बोलायला हवं होतं. थोड्या वेळानं चौकटी आपोआप मिटल्या. दुसऱ्या दिवशी काकूंनी केस विंचरले, पातळ नेसल्या आणि पुन्हा बटण दाबलं. तिसऱ्या दिवशीही. रोज. मी समोर असले की मला ते मिटणं बघवायचं नाही.

बालाजीची यात्रा लागली होती. त्या दुपारी अख्खी गल्ली देवळाकडे गेलेली, घरोघरी कुलपं. लांबून यात्रेतल्या भोंग्याचा आवाज यायचा, पण गल्लीत कुत्रंही नव्हतं. मला सुट्टी होती. काकू आणि मी जमिनीवर बसून तूर निवडत होतो. टीव्ही बंद होता.

तो सुरू झाला.

रिमोट खुर्चीवर पडलेला होता. कुणी हात लावला नव्हता. आधी बारीक घंटीसारखा आवाज झाला, मग पडदा उजळला, आणि वरच्या बाजूला अक्षरं आली: गोटूचा फोन जोडला गेला आहे.

माझ्या मांडीवरचं सूप निसटलं. तूर घरभर झाली. काकू हलल्या नाहीत.

"काकू," मी म्हटलं. "फोन टीव्हीला असा जोडायला याच घरच्या वायफायवर यावा लागतो. पासवर्ड त्याच्या फोनमध्ये असेलच. पण तो फोन... इथेच असायला हवा. भिंतीच्या पलीकडे."

पडद्यावर गोटूचा तो हसरा चेहरा आला. मग एक सिनेमा आपोआप सुरू झाला, मोठ्या आवाजात, अगदी मधूनच.

काकू उठल्या. तुरीवरून तशाच चालत दाराशी गेल्या. त्या दिवशी त्यांचे केस सुटलेले होते. मी मागे गेले.

समोरच्या बंद घराच्या भिंतीला टेकून एक बाई उभी होती. चाळिशीची असेल. पायापर्यंत धुळीनं भरलेली, खांद्याला पिशवी. हातात जुना फोन, काचेला तडा गेलेला. आम्हाला पाहून ती दचकली आणि फोन छातीशी धरला.

"गोटू कुठं आहे?" काकूंनी विचारलं.

ती म्हणाली, "रोज कोड येत होता, आई. रोज दुपारी. मला बघवेना. म्हटलं, जावं, कोड सांगावा आणि तसंच परत फिरावं." तिनं पदरानं तोंडावरची धूळ पुसली. "इथे आले तर पाय पुढे पडेना. फोन उघडून बघत बसले. त्यात 'आईचा टीव्ही' असं आलं. त्यांनीच ठेवलेलं नाव. माझं बोट लागलं."

"गोटू कुठं आहे?" काकूंनी पुन्हा विचारलं. अगदी तसंच, त्याच आवाजात.

"ते गेले, आई. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात. कावीळ झाली होती. अंगावर काढली."

घरातून सिनेमातल्या माणसांच्या हसण्याचा आवाज येत होता. मी आत जाऊन टीव्ही बंद करायला हवा होता, पण मी दारातच उभी राहिले.

काकूंनी उंबऱ्याला हात लावला आणि तिथेच खाली बसल्या. ती बाई, सरिता तिचं नाव, पुढे आली, पण उंबऱ्यापासून हातभर लांब थांबली. "तुम्ही म्हणाला होतात ते मी खरं केलं," ती म्हणाली. "कोणत्या तोंडानं कळवणार होते?"

गोटू दारातूनच परत गेला त्या दिवशी काय झालं होतं, ते मला नंतर सरितानंच सांगितलं. ती आधीची विधवा. गोटूनं तिला घेऊन या दारात उभं केलं, तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, 'एकाले खाऊन आली, आता माह्या पोराले खाईन.'

काकूंनी हात पुढे केला आणि तिच्या साडीचा काठ धरला. धरून ठेवला. "आत ये," म्हणाल्या. सरितानं उंबरा ओलांडला.

आत बसल्यावर तिनं थोडं थोडं सांगितलं. गोटूला माहीत होतं की आई बघते. म्हणूनच त्यानं टीव्हीवरचं खातं कधी बंद केलं नाही. फोन करायचा धीर दोघांनाही झाला नाही. आज करू, दिवाळीला करू, असं चाललं होतं. दवाखान्यात शेवटी म्हणाला, माझ्या नावावर तू बघत राहा. आईला वाटू दे, मी आहे. नवरा गेल्यावर सरिता रोज कामाच्या पाळीवरून घरी येऊन सिनेमा लावायची. कधी समोर बसून रडायची, कधी तशीच झोपून जायची, पण सिनेमा चालू ठेवायची.

काकू ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "गोटूनं कधी शेवटच्या नावांच्या पाट्या पाह्यल्या नाहीत. सिनेमा संपत आला की उठून जाये. हे वर्षभर पार टोकापर्यंत रेघ जाऊन राह्यली होती. मले वाटलं, पोरगं निवळलं."

आणि मग त्या रडल्या. मी तोवर त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी मी तूर झाडून गोळा करत होते, तेव्हा पडद्याकडे लक्ष गेलं. कुणी बंद केला नव्हता. खातेदाराचाच फोन जोडला गेल्यानं तो आता कोड मागत नव्हता; सिनेमा संपून पुन्हा चित्रांच्या रांगा आल्या होत्या आणि वर लिहिलं होतं, 'गोटूसाठी निवडलेले'. खाली जुने विनोदी सिनेमे, सासू-सुनांच्या मालिका, कचोरी. गोटूला यातलं काय आवडलं असतं, कुणास ठाऊक. वर्षभर दोन बायकांनी, एकमेकींशी एक शब्द न बोलता, मिळून बटणं दाबली होती, आणि त्या दाबण्यातून मशीननं एक गोटू बनवला होता. त्याच्यासाठी ती रोज नवं काही तरी निवडत होती. मी टीव्हीची तार ओढून काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलभाबाई समाचाराला आल्या. काकू भिंतीला टेकून बसलेल्या, सरिता कोपऱ्यात. सुलभाबाईंनी रडून घेतलं, डोळे पुसले, मग सरिताकडे पाहिलं आणि काकूंच्या कानाशी वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "दुसऱ्यालाबी खाल्लं हो हिनं."

सरितानं मान खाली घातली. तिला ते अपेक्षितच होतं, असं वाटलं.

काकू म्हणाल्या, "अन् मी?"

"काय?"

"माहा नवरा मेला तवा गोटू रांगत होता. मी त्याले खाल्लं, असं माही सासू मले भर गल्लीत म्हणे. तू नवी नवरी होतीस तवा, तू ऐकलं आहे. सांग, मी खाल्लं का त्याले?"

सुलभाबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला.

"ते बोलणं मले इतकं लागलं होतं का मी ते सांभाळून ठेवलं," काकू म्हणाल्या. "अन् पयली संधी आली तशी हिच्या अंगावर फेकलं. म्हणून पोरगा पुन्हा माह्या दारात आला नाही. माह्या हातचं पाणीबी त्याच्या तोंडात पडलं नाही. आता ते बोलणं या घरात पुन्हा नको."

मग सरिताकडे वळून त्या म्हणाल्या, "ऊठ. चहा ठेव सगळ्याइले."

सुतकाच्या घरी कुणी चहा घेत नाही. सुलभाबाईंनी ते बोलूनही दाखवलं, अर्धवट, हळू आवाजात. काकूंनी ऐकलं नाही. सरितानं अनोळखी स्वयंपाकघरात डबे उघडून साखर शोधली. स्टो पेटल्याचा आवाज आला. तिनं कप आणून पहिला सुलभाबाईंच्या पुढे धरला. कपाखालची बशी वाजत होती.

काकू सुलभाबाईंकडे बघत राहिल्या. वर्गात उत्तर येईपर्यंत बाई थांबतात, तशा.

सुलभाबाईंनी कप घेतला.